आई अमरावतीची, बाबा अटलांटाचे: अमेरिकेतल्या फॉर्मवर मुलाची ‘रेस’ काय लिहायची?

आई अमरावतीची मराठी, बाबा अटलांटाचे आफ्रिकन-अमेरिकन. अशा घरात मूल जन्मलं की त्याची ‘रेस’, म्हणजे वंश, विचारणारे कागद एकामागून एक येत राहतात. दवाखाना, शाळा, जनगणना, कॉलेज, पुढे नोकरी. भारतातल्या आजी-आजोबांचा प्रश्न साधा असतो: मग लिहायचं काय? आईचं, बाबांचं, की दोन्ही? उत्तर सोपं आहे, दोन्ही लिहा. घोळ त्याच्या पुढे आहे. तुम्ही जे लिहिता तेच पलीकडे मोजलं जाईल याची खात्री नसते, कारण प्रत्येक खात्याचा मोजायचा नियम वेगळा आहे.

आपल्याकडच्या वाचकांनी आधी जातीच्या दाखल्याची चौकट डोक्यातून काढून टाकावी. महाराष्ट्रात दाखला म्हटला की वंशावळ, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जात पडताळणी समिती आलीच. आंतरजातीय लग्नातल्या मुलाला सहसा वडिलांची जात लागते असं गृहीत धरतात. मूल प्रत्यक्षात आईच्या समाजात, त्याच अडचणी सोसत वाढलं असेल तर ते सिद्ध करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, पण सिद्ध करावं लागतंच. अमेरिकेत ‘रेस’च्या रकान्याला पुरावा कोणी मागत नाही. तुम्ही सांगाल ते. याला मोठा अपवाद मूळनिवासी जमातींचा. तिथे नुसतं सांगून भागत नाही, जमातीचं सदस्यत्व लागतं आणि प्रत्येक जमातीचे नियम तिचे स्वतःचे असतात. चेरोकी नेशनमध्ये डॉज रोल्स या शंभरहून अधिक वर्षं जुन्या यादीत थेट पूर्वज सापडावा लागतो, रक्ताचा अंश किती हे बघत नाहीत. नावाहो नेशनमध्ये मात्र किमान एक चतुर्थांश अंश लागतो.

हे रकाने आले कुठून? केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा ‘डायरेक्टिव्ह १५’ नावाचा नियम १९७७ मध्ये निघाला. वंशाचे चार गट त्याने पाडले आणि हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले, आहात का, हा प्रश्न वेगळा ठेवला. भारतीय उपखंड ‘एशियन’मध्ये गेला तो याच नियमाने. १९९७ मध्ये गट पाच झाले आणि ‘एक किंवा अधिक’ निवडायची मुभा मिळाली. ‘मल्टिरेशियल’ असा स्वतंत्र रकाना द्या, अशी काही पालकांची मागणी होती, ती फेटाळली गेली. मार्च २०२४ च्या दुरुस्तीने हिस्पॅनिकचा वेगळा प्रश्न काढून सगळं एकाच प्रश्नात आणलं आणि ‘मिडल ईस्टर्न ऑर नॉर्थ आफ्रिकन’ हा गट वाढवला. आता गट सात. पण खात्यांना बदलायला काही वर्षांची मुदत दिलेली असल्याने घरी येणारे फॉर्म अजून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ढंगांचे असतात.

सुरुवात जन्माच्या दाखल्यापासून. तिथे बाळाची रेस विचारतच नाहीत. आई आणि वडील या दोघांची स्वतंत्र विचारतात, आणि दोघांनाही एकापेक्षा अधिक खुणा करता येतात. तरी राष्ट्रीय आकडेवारीत जन्माची गणना १९८९ पासून आईच्या रेसनुसार होते. म्हणजे आपलं अमरावती-अटलांटाचं बाळ त्या तक्त्यात एशियन आईचं मूल. तेच आई अटलांटाची आणि बाबा अमरावतीचे असते तर ते ब्लॅक आईचं मूल ठरलं असतं. १९८९ च्या आधीचा नियम आणखी मजेशीर होता. पालकांपैकी एक गोरा असेल तर बाळ दुसऱ्याच्या वंशात. दोघंही गोरे नसतील तर बाळ वडिलांच्या वंशात, पण दोघांपैकी कोणीही हवाईयन असेल तर बाळ हवाईयन. सरकारी कारकुनाने हे नियम गंभीर चेहऱ्याने पाळले असणार, हे लक्षात घेतलं की ‘वंश म्हणजे निसर्गाने ठरवलेली गोष्ट’ या समजुतीचं काय करायचं ते वाचकांनीच ठरवावं.

सगळ्यात जास्त गोंधळ शाळेच्या नोंदणीत होतो. २०१०-११ पासून देशभरच्या शाळांत दोन भागांचा प्रश्न आहे. पहिला: मूल हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहे का? हो की नाही. दुसरा: पाच गटांपैकी एक किंवा अधिक निवडा. तुम्ही ‘नाही’ म्हणून एशियन आणि ब्लॅक या दोन्हींवर खूण केली की शाळेच्या अहवालात मूल ‘टू ऑर मोअर रेसेस’ या एकाच पेटीत जातं. एशियनच्या संख्येत ते दिसत नाही आणि ब्लॅकच्याही नाही. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलंत तर खाली काहीही निवडा, अहवालात मूल फक्त हिस्पॅनिक. पुण्याचे बाबा आणि मेक्सिकन आई अशा घरातल्या पालकांना हे माहीत नसतं. त्यांनी हौसेने एशियनवर केलेली खूण शाळेच्या फायलीत राहते, वर जाणाऱ्या आकड्यात मात्र गळून पडते.

आणि प्रश्न रिकामा सोडला तर? अनेकांना वाटतं की आम्हाला या भानगडीत पडायचंच नाही, कोरा ठेवू. बारावीपर्यंतच्या शाळेत तसं चालत नाही. शाळेने आधी पालकांना पुन्हा विचारायचं, तरीही उत्तर आलं नाही तर शाळेतल्या कोणीतरी मुलाकडे बघून खूण करायची, असा नियम आहे. सावळं मूल, कुरळे केस, आडनाव जॅक्सन असेल तर कारकून काय लिहील हे सांगायला नको. त्यामुळे कोरा रकाना ठेवण्यापेक्षा स्वतः भरलेला बरा, हे आमचं ठाम मत. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर शाळेच्या नोंदणी विभागाला लेखी कळवा, पूर्वी भरलेल्या प्रतीचा फोटो जोडा आणि बदललेली नोंद पालकांच्या पोर्टलवर दिसते का ते स्वतः बघा. शाळांचा जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) बदलला तर नव्या शाळेत सगळं नव्याने भरावं लागतं, जुनी नोंद तशीच पुढे जाईल असं धरू नका. विद्यापीठात मात्र प्रौढ विद्यार्थ्याने उत्तर दिलं नाही तर ‘अननोन’ अशी नोंद होते, तिथे कोणी चेहरा बघून ठरवत नाही.

जनगणनेच्या फॉर्मवर आपल्यासाठी खास सापळा आहे. २०२० च्या फॉर्ममध्ये ‘एशियन’ नावाची एकच चौकट नव्हती. चायनीज, फिलिपिनो, एशियन इंडियन, व्हिएतनामी, कोरियन, जपानी अशा वेगळ्या चौकटी होत्या. त्यांच्या वरच ‘अमेरिकन इंडियन ऑर अलास्का नेटिव्ह’. घाईत ‘इंडियन’ एवढंच वाचून नवीन आलेली मंडळी तिथे खूण करतात. त्या चौकटीखाली जमातीचं नाव विचारलेलं असतं, ते दिसलं की समजायचं आपण चुकीच्या घरात शिरलो. मिश्र मुलासाठी ‘एशियन इंडियन’ आणि ‘ब्लॅक’ दोन्हींवर खूण करायची, ब्लॅकच्या खालच्या ओळीत ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहायचं, झालं. ‘मराठी’ लिहायची खरी जागा इथे नाही. घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, हा प्रश्न दरवर्षी काही निवडक घरांना जाणाऱ्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’त असतो. तो आला तर तिथे ‘हिंदी’ किंवा ‘इंडियन’ न लिहिता ‘मराठी’च लिहा.

२०१० मध्ये एकाहून अधिक वंश सांगणारे सुमारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. दहा वर्षांत एवढी मिश्र मुलं जन्मली का? अर्थातच नाही. २०२० मध्ये व्हाइट आणि ब्लॅक या चौकटींखालीही मूळ लिहायला ओळी दिल्या गेल्या आणि लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला वेगळा कोड लावला गेला. व्हाइटवर खूण करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकन देशाचं नाव लिहिणारे कित्येक जण ‘व्हाइट आणि सम अदर रेस’ (गोरे आणि इतर एखादा वंश) झाले. मिश्र गटांत हाच सर्वांत मोठा, सुमारे १ कोटी ९३ लाखांचा. माणसं तीच, मोजपट्टी बदलली. वर्तमानपत्रांत ‘अमेरिका मिश्र होतेय’ असे मथळे आले ते याच आकड्यावर. मिश्र कुटुंबं वाढताहेत हे खरंच, पण आकड्यातली उडी त्याच मापाची नाही.

आता माणसं प्रत्यक्षात काय निवडतात ते. बराक ओबामांची आई कॅन्सासची गोरी, वडील केनियाचे. २०१० च्या जनगणनेत दोन खुणा करायची मुभा असताना राष्ट्राध्यक्षांनी एकच केली: ब्लॅक. कमला हॅरिस यांची आई श्यामला गोपालन तमिळ, वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे. २०२४ च्या निवडणुकीत ‘या आधी भारतीय होत्या, मग ब्लॅक झाल्या’ असा आरोप त्यांच्यावर झाला, तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतही तो जसाच्या तसा फिरला. त्या कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या आणि आईचं चेन्नईचं घरही त्यांनी कधी लपवलं नाही. दोन्ही एकाच वेळी असता येतं, हे आपल्याला पटायला इतकं जड का जावं? प्यू संशोधन केंद्राच्या २०१५ च्या पाहणीत मिश्र कुळाच्या प्रौढांपैकी ६१ टक्के स्वतःला ‘मल्टिरेशियल’ म्हणवत नव्हते. कारण विचारलं तर ४७ टक्क्यांनी सांगितलं, आम्ही दिसायला एकाच वंशाचे. तितक्याच लोकांनी सांगितलं, आम्हाला तसंच वाढवलं. बाहेरचे लोक काय म्हणून वागवतात आणि घरात कोणाचे सण होतात, या दोन गोष्टी पूर्वजांच्या यादीपेक्षा वरचढ ठरतात.

यामागे मोठा इतिहास आहे. १९६० पर्यंत जनगणनेत बहुतेकांची रेस प्रगणकच ठरवत असे. १९३० ची सूचना अशी होती की गोऱ्या आणि काळ्या रक्ताचं मिश्रण असेल तर काळ्याचा अंश कितीही कमी असो, माणूस काळाच. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये हेच कायद्यात आणलं. पण तिथल्या प्रतिष्ठित घराण्यांना मूळनिवासी पोकाहाँटासचे वंशज असल्याचा अभिमान, म्हणून मूळनिवासी रक्त एक सोळांश किंवा त्याहून कमी असेल तर गोरं समजायचं, अशी पळवाट ठेवली! वंशाबाहेर लग्नाची बंदी सर्वोच्च न्यायालयाने देशभर मोडीत काढली ती १९६७ मध्ये.

आपली मंडळी या खेळात कधी इकडे, कधी तिकडे. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे मानून नागरिकत्व कायम केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने गोरं मानायला नकार दिला. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ ही रेस होती, त्यात शीखही आणि मुसलमानही. १९७० मध्ये भारतीय व्हाइटमध्ये मोजले गेले आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण गोऱ्यांशी लग्नाला कायद्याची आडकाठी होती. लग्नाच्या परवान्यावर कारकून दोघांचाही रंग ‘ब्राऊन’ लिहून मोकळा होई.

कॉलेजप्रवेशाचं थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालानंतर प्रवेश देताना वंशाचा विचार करता येत नाही. ‘एशियन लिहू नका, फक्त व्हाइट लिहा’ हा जुना सल्ला अजून फिरतो, त्यात आता दम नाही. निबंधात मुलाने आपल्या घराबद्दल लिहायला हरकत नाही. नोकरीतही शाळेसारखीच गंमत: शंभर किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला सरकारला कर्मचाऱ्यांच्या वंशाचा तपशील द्यावा लागतो, आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर कंपनी तुमच्याकडे बघून नोंद करू शकते.

थुंकी पाठवून डीएनएचे टक्के मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. ते टक्के म्हणजे कंपनीकडच्या नमुन्यांशी केलेली तुलना. नमुने वाढले की जुना निकाल बदलतो. सख्ख्या भावंडांचेही आकडे वेगळे येतात, कारण आईबापांकडून प्रत्येकाला निम्माच वाटा मिळतो आणि तो निम्मा दर वेळी वेगळा असतो. अशा एखाद्या ३ टक्क्यांच्या जोरावर फॉर्मवर नवी खूण करू नये.

दवाखान्यात मात्र रकान्यावर अजिबात विसंबू नका, तपशील तोंडाने सांगा. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं उदाहरण घ्या. अमेरिकेत तो ‘काळ्यांचा आजार’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे अटलांटाच्या बाबांना तपासणी सुचवली जाते आणि ‘एशियन’ आईकडे दुर्लक्ष होऊ शकतं. पण विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासींमध्ये आणि इतरही काही समाजांत सिकलसेलचे वाहक (स्वतः आजारी नसले तरी मुलाला आजाराचा जनुक देऊ शकणारे) आहेत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून दिवस राहण्याआधी किंवा पहिल्याच भेटीत सांगायचं: माझं माहेर विदर्भातलं आहे, आम्हा दोघांचीही हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करा. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका, त्यात थॅलेसेमियाचे वाहक सापडत नाहीत, आणि एक सिकलसेलचा वाहक व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा असला तरी बाळाला आजार होऊ शकतो. जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन होणाऱ्या तपासणीत सिकलसेल सगळ्या राज्यांत बघतात. तो अहवाल डॉक्टरांकडून मागून घ्या आणि मूल वाहक निघालं तर ते कागदावर जपून ठेवा, त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी लागेल.