न्यायालयाने न घेतलेली साक्ष

नववीत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयाच्या तासाला अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मचरित्रातील उतारे वाचून दाखवले होते, आणि प्रत्येक उताऱ्यानंतर ते एकच प्रश्न विचारीत : लेखकाला गुलामगिरीविरुद्ध वाचकाचे मन वळवायचे आहे, मग त्याने ही हकीकत इथेच आणि अशीच का सांगितली? पुढे मी जिल्हा न्यायालयात वकिली करू लागलो, साक्षीपुरावा आणि उलटतपासणी हे रोजचे काम झाले, आणि त्या प्रश्नाचे मोल मला उत्तरोत्तर अधिक कळत गेले. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या पुस्तकाविषयीच लिहावे, असे मला मनापासून वाटले.

डग्लस १८३८ मध्ये मेरीलँड या गुलामगिरी चालू असलेल्या राज्यातून निसटून उत्तरेकडील राज्यांत पोहोचले आणि १८४१ पासून गुलामगिरीविरोधी सभांतून बोलू लागले. त्यांचे वक्तृत्व इतके प्रभावी होते की, हा गृहस्थ कधी काळी गुलाम होता यावरच काही श्रोते शंका घेऊ लागले. १८४५ मध्ये बोस्टन येथे प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र हे त्या शंकेला दिलेले उत्तर होय. आपला जन्म टॅल्बट काउंटीत नेमका कुठे झाला, ते ठिकाण ईस्टन गावापासून किती मैलांवर आहे, मालक कोण, मुकादम कोण, हे सारे ते खऱ्या नावानिशी सांगतात; पण एवढे बारकाईने सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचे वय मात्र ठाऊक नाही, कारण घोड्याला आपल्या वयाची जेवढी माहिती असते तेवढीच गुलामाला असते, असे ते म्हणतात. कायद्याने ते अजूनही मालकाची मालमत्ताच होते, त्यामुळे ही नावे छापणे म्हणजे आपला माग मालकाच्या हाती देणे होते. पुस्तक निघाल्यावर ते आयर्लंड आणि इंग्लंडला गेले, तो धोका टाळणे हेही त्यामागचे एक कारण होते. १८४६ मध्ये तिकडील स्नेह्यांनी पैसे भरून त्यांची कायदेशीर मुक्तता करविली.

डेंबी नावाच्या गुलामाच्या खुनाचा प्रसंग मी कितीदा तरी वाचला आहे. चाबकाच्या माराने कळवळून तो ओढ्यात शिरतो. मुकादम ऑस्टिन गोर त्याला बाहेर येण्यासाठी तीनदा हाक देतो आणि तो येत नाही असे पाहून गोळी घालतो. पुढे न्यायालयीन चौकशी झाली नाही, कारण ज्यांच्यादेखत खून झाला ते सारे गुलाम होते आणि गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष चालत नव्हती. डग्लस येथे शिव्याशाप देत बसत नाहीत. आपण तो भाग सोडला तेव्हा गोर सेंट मायकेल्स येथे राहत होता आणि हयात असल्यास बहुधा अजून तेथेच असेल, एवढी नोंद ते करतात. आरोपीचे नाव आणि पत्ता वाचकाच्या हाती आहे. जी साक्ष न्यायालयाने घेतली नसती, ती पुस्तकाने नोंदवून घेतली आहे. माझ्या मते या ग्रंथाचे सारे सामर्थ्य या मांडणीत आहे.

लहानपणीच्या थंडीचे वर्णनही असेच आहे. अंगात गुडघ्यापर्यंत पोहोचणारा जाडाभरडा सदरा, अंथरूण-पांघरूण काही नाही. मका दळायला नेण्याचे पोते चोरून ते त्यात डोके खुपसून झोपत आणि पाय उघडे राहत. त्या पायांना अशा भेगा पडल्या की, ज्या लेखणीने मी लिहीत आहे ती त्यांत ठेवता येईल, असे ते लिहितात. त्या एका वाक्यात उघड्या पायांचे पोर आणि लिहिणारा लेखक शेजारी येऊन उभे राहतात, आणि असा माणूस विकत घेता येतो या कल्पनेचीच वाचकाला लाज वाटू लागते.

प्रतिपक्षाच्या युक्तिवादालाही ते सामोरे जातात. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, असे उत्तरेतही लोक म्हणत. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना, असे डग्लस बजावतात. बाल्टिमोरमध्ये मालकीण सोफिया ऑल्ड त्यांना मुळाक्षरे शिकवू लागते, तेव्हा तिचा नवरा ह्यू तिला अडवतो आणि वाचायला शिकलेला माणूस गुलाम म्हणून कायमचा निकामी होतो, असे सांगतो. गुलामगिरी अज्ञानावर उभी आहे, हा मुद्दा डग्लस यांना स्वतः मांडावाच लागत नाही, कारण मालकच तो बोलून जातो. पुढे तीच प्रेमळ सोफिया कठोर होत गेलेली दाखवून, ही प्रथा मालकालाही नासवते, हे ते वाचकाच्या गळी उतरवतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती पडलेल्या पाठ्यपुस्तकात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता, आणि त्यात गुलाम युक्तिवादाने मालकाला निरुत्तर करून स्वातंत्र्य मिळवतो. सरांनी त्या वेळी आम्हाला जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची आठवण करून दिली होती. १८७३ चा तो ग्रंथही संवादरूपात आहे, आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच तो अर्पण केलेला आहे.

वाचक बहुतांशी श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत, हे डग्लस क्षणभरही विसरत नाहीत. त्यांचा आणखी एक मालक, ह्यूचा भाऊ थॉमस ऑल्ड, बायबलमधील वचन म्हणत एका अपंग तरुणीला फटके मारतो, हे सांगून झाल्यावर शेवटच्या परिशिष्टात ते ख्रिस्ताचा धर्म आणि या देशातला धर्म यांत स्पष्ट भेद करतात. चेसापीक उपसागरातील गलबतांना उद्देशून केलेले त्यांचे भाषण फार वाखाणले जाते, पण मला ते अलंकारांनी काहीसे जड वाटते. साध्या नोंदी त्याहून खोल रुततात. त्यांच्या मौनाचेही तसेच आहे. आपण कसे पळालो हे ते १८४५ मध्ये सांगत नाहीत, कारण त्याने मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. भाकरीच्या बदल्यात अक्षरे शिकवणाऱ्या गोऱ्या पोरांची नावेही ते देत नाहीत. जो मालकांची नावे निर्भयपणे छापतो, तोच या मुलांची नावे झाकून ठेवतो, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

पुस्तक निघाल्यावर ए. सी. सी. टॉम्पसन या गृहस्थांनी वृत्तपत्रात त्याचे खंडन केले. या लेखकाला आपण फ्रेडरिक बेली या त्याच्या गुलामगिरीतल्या नावाने ओळखत होतो आणि असा अशिक्षित गुलाम हे पुस्तक लिहूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डग्लस यांनी स्कॉटलंडहून जाहीर पत्र लिहून त्यांचे आभार मानले, कारण आपण मेरीलँडमध्ये गुलाम होतो ही गोष्ट आता प्रतिपक्षाच्याच साक्षीदाराने कबूल केली होती.