बंदोबस्त सुटला
काल सकाळी सातला गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला चौपाटीवर उभा राहिलो, तो आज साडेनऊला घरी आलो. बूट काढले तर मोजे तळव्यांना चिकटलेले. बायकोने कोमट पाण्यात मीठ टाकून बादली पुढे सरकवली, विचारलं काहीच नाही. तेच फार बरं वाटतं.

2016 मध्ये मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आम्हा पोलिसांसाठी 8 तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, पडसलगीकर साहेब मुंबईचे पोलीस आयुक्त असताना. केवढा आधार वाटला होता! पण विसर्जनाला तास कोण मोजणार?

रात्री दोनला हरवलेली एक चिमुरडी माझं बोट धरून उभी होती. आई सापडली तरी सोडेना.

आता झोपच येईना. बॅचमेटला फोन लावला. "जेवलास का रे?" एवढंच म्हणाला तो, आणि मला रडू फुटलं.