माझं रक्त कुठे गेलं?

गोगोने चटई झटकून अंथरली, आम्हाला बसवलं, आणि संमतीपत्राचा पहिला परिच्छेद वाचून संपायच्या आत हात वर करून माझ्या सहकारी मुलीला थांबवलं. "याआधीही तुमच्यासारखी माणसं आली होती. हातात अशीच पेटी होती. माझं रक्त घेऊन गेली. ते कुठे गेलं?"

गोगो म्हणजे आजी. तिचं घर एस्वातिनीच्या दक्षिणेकडे, शिसेल्वेनी भागात, न्ह्लांगानो गावापासून कच्च्या रस्त्याने तासाभरावर. सहकारी मुलीने तिचं वाक्य मला इंग्रजीत सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. सार्वजनिक आरोग्यात इतकी वर्षं घालवून, प्रश्नावल्या रचून, नैतिकता समितीचे अर्ज भरभरून मी तिथे बसले होते, आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. "विचारून सांगते," एवढंच म्हणाले. गोगोने मान डोलावली. असं म्हणणारेही तिने आधी पाहिले असावेत. रक्त मात्र दिलं.

घरी फोनवर सगळे विचारतात, तू तिथे नेमकं काय करतेस. ते आज सांगते.

एस्वातिनी म्हणजे आपण शाळेच्या नकाशात ज्याला स्वाझीलँड म्हणायचो तो देश. २०१८ मध्ये, स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा, राजाने नाव बदललं. क्षेत्रफळ सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याहून थोडंसंच जास्त. लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेत ११ लाखांच्या आत होती. पूर्वेला थोडी हद्द मोझांबिकला लागते, बाकी सगळीकडून दक्षिण आफ्रिका. डोंगर हिरवे, पावसाळ्यात धुकं, काही वळणांवर तर थेट इगतपुरी आठवते.

इथे एचआयव्हीचा पहिला रुग्ण १९८६ मध्ये नोंदवला गेला. १९९२ मध्ये सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी झाली तेव्हा १०० पैकी चार जणींना लागण झालेली होती. २००४ मध्ये तीच संख्या ४२ च्या वर गेली. १२ वर्षांत! अंत्यविधी शनिवार-रविवारीही उरकेनात, अशा आठवणी इथली पन्नाशीतली माणसं सांगतात. सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास घसरलं होतं. तरणीताठी, कमावती, लेकरंबाळं असलेली पिढी गेली, आणि घराघरात म्हातारी माणसं व पोरं उरली.

त्या काळातून हा देश ज्या वाटेने बाहेर पडत आला, त्या वाटेवर रक्ताचे नमुने घेणाऱ्या पेट्या आहेत. म्हणून तर गोगोचा प्रश्न मला इतका लागला.

नवीन लागण किती होते हे मोजणं अतिशय कठीण असतं. किती जणांना एचआयव्ही आहे हे एका तपासणीत कळतं, पण त्यातली कालची लागण कोणती आणि दहा वर्षांपूर्वीची कोणती, हे त्यातून कळत नाही. उपचार चांगले झाले की माणसं जगतात, त्यामुळे लागण असलेल्यांचं प्रमाण लवकर उतरत नाही. नुसता तो आकडा पाहिला तर वाटेल, काहीच सुधारलं नाही. म्हणून २०११ मध्ये इथे 'शिम्स' नावाचं सर्वेक्षण झालं. घरोघरी जाऊन १८ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केली, ज्यांना लागण नव्हती त्यांच्याकडे सहा महिन्यांनी पुन्हा गेले, आणि मधल्या काळात किती जणांना लागण झाली ते मोजलं. उत्तर आलं, वर्षाला १०० मागे सुमारे अडीच. मग २०१६-१७ मध्ये दुसरी फेरी आणि २०२१ मध्ये तिसरी. दुसऱ्या फेरीपर्यंत नव्या लागणीचा वेग जवळपास ४४ टक्क्यांनी उतरलेला होता.

तिसऱ्या फेरीत प्रौढांमधलं लागणीचं प्रमाण सुमारे २५ टक्के आलं. अजूनही चारात एक. पण त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काय आहे ते माहीत आहे, त्यांपैकी जवळपास सगळे औषधावर आहेत, आणि औषधावर असलेल्यांपैकी बहुतेकांच्या रक्तातला विषाणू इतका दबलेला आहे की तो त्यांच्याकडून जोडीदाराला जात नाही. या तिन्ही पायऱ्यांवर १०० पैकी ९५ जण, हे जगाने २०३० साठी ठेवलेलं ९५-९५-९५ उद्दिष्ट या देशाने दहा वर्षं आधी गाठलं. हे मी लिहिते तेव्हा माझा ऊर भरून येतो. मी इथली नाही, तरीही.

आता रोजच्या कामाबद्दल.

आधी देशाच्या संशोधन समीक्षा मंडळाची लेखी परवानगी. मग त्या मुलखाच्या प्रमुखाची. प्रमुखाच्या निवासाला, जिथे गावकीची सभा भरते, उम्फाकात्सी म्हणतात. तिथे बायकांनी झगा किंवा स्कर्ट घालून, डोकं झाकून जायचं, चटईवर बसायचं. मी नाशिकहून आणलेली ओढणी त्यासाठी बॅगेत कायम असते. प्रमुखाचा कारभारी, इंदवुना, तुमचं म्हणणं ऐकतो, शांतपणे आणि सावकाश. घाई केली की काम बिघडतं.

घरी गेल्यावर फाटकापाशी उभं राहून "एखाया!" अशी हाक द्यायची, म्हणजे आपलं "आहे का कुणी घरात?" आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मग विचारपूस. "उन्जानी?" कशी आहेस? "न्गियाफिला." मी बरी आहे. याच शब्दाचा अर्थ 'मी जगते आहे' असाही होतो. आरोग्य आणि जगणं या दोन्हींना इथे एकच शब्द आहे, इम्फिलो. आरोग्य खात्याच्या पाटीवरही तोच.

आणि मग येतो आमच्या टॅबलेटमधला सगळ्यात अवघड भाग. रक्त काढणं सोपं आहे, लैंगिक आयुष्याबद्दल विचारणंही सरावाने जमतं. अवघड प्रश्न हा, की या घरात कोण कोण राहतं आणि कुणाचं कुणाशी काय नातं आहे.

सिस्वातीत, म्हणजे इथल्या भाषेत, आईला मागे म्हणतात (मराठी कानाला हे सुरुवातीला फार चमत्कारिक वाटलं), वडिलांना बाबे. आईच्या धाकट्या बहिणीला धाकटी मागे, वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबे. आईचा भाऊ मालुमे. हा तर आपला मामाच. आता नऊ वर्षांच्या पोराला विचारलं, "तुझी आई आहे का?" तर तो म्हणतो, "आहे." कारण जिने त्याला वाढवलं ती मावशी त्याची मागेच आहे. त्याला जन्म देणारी तो रांगत असतानाच गेली. पोर खोटं बोलत नाही. आमचा प्रश्न चुकीचा आहे. आणि अशी उत्तरं गोळा करून आपण 'अनाथ मुलं इतकी टक्के' असा आकडा छापतो.

आम्ही सराव-फेरीनंतर तो प्रश्न बदलला. आता विचारतो, "तुझ्या जन्माच्या वेळची आई," आणि तोही मुलाला नाही, आजीला, मूल शेजारी नसताना. एवढा बदल सुचायला मला तीन आठवडे लागले. माझ्या सहकारी मुलीला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी तिला विचारलं नव्हतं. माझ्या कामातली ही चूक मी अजून विसरलेले नाही.

तशीच दुसरी गोष्ट. सर्वेक्षणाची माहिती आम्ही गावसभेत देत होतो आणि ती सगळ्यांपर्यंत पोचली असं धरून चालत होतो. पण नवरा गेलेली बाई सुतकाच्या काळात काळे कपडे घालते, आणि त्या काळात तिने उम्फाकात्सीत किंवा सभेला जायचं नसतं. म्हणजे या साथीने जिचं घर सगळ्यात जास्त मोडलं, नेमकी तीच आमच्या सभेत नाही. मग आम्ही गावच्या आरोग्य स्वयंसेविकांकडे गेलो. या आपल्या आशाताईंसारख्याच, पण इथे ही पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. कुठल्या घरात काळे कपडे आहेत, कोण जोहान्सबर्गकडे खाणीत आहे, कोण बिग बेंडला उसाच्या कामावर आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. आता आमची यादी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

एका दवाखान्यात औषधांची नोंद तपासताना परिचारिकेने माझ्या हातात गोळ्यांची पांढरी बाटली दिली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही औषधं एका गोळीत, दिवसाला एक. मी सवयीने बारीक अक्षरं वाचली. बनवल्याचं ठिकाण: माळेगाव एमआयडीसी, सिन्नर, नाशिक. मी ती बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. आमची एसटी रोज त्या वसाहतीच्या फाट्यावरून जायची. पाळी बदलताना बसमध्ये चढणाऱ्या, डबा मांडीवर घेऊन झोपून जाणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गोळीवर शिसेल्वेनीतली एखादी आई जिवंत आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का? २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते. भारतीय कारखान्यांनी हे औषध स्वस्त केलं नसतं, तर ९५-९५-९५ हे शब्द कुणी उच्चारलेही नसते.

परिचारिकेने आणखी एक दाखवलं. बाटली हलवली की गोळ्या खुळखुळतात, आणि कोंबीत, म्हणजे इथल्या वडापमध्ये, तो आवाज सगळे ओळखतात. म्हणून कुणी आत कापूस कोंबतं, कुणी गोळ्या दवाखान्यातच रुमालात बांधून घेतं. प्रश्नावलीत आम्ही 'कलंकाची भावना' मोजायला आठ प्रश्न घातले होते. त्या कापसाबद्दल एकही नव्हता.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. इथल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा मोठा भाग वीसेक वर्षं त्या पैशांवर चालत होता. महिन्याभरात आमच्या ओळखीच्या एका कार्यक्रमाच्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या आणि त्यावरच्या मुलामुलींना घरी बसावं लागलं. ज्यांनी हजारो घरांची फाटकं ओळखीची केली होती, ती ही माणसं. मला याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेनाकापाव्हिरचे पहिले साठे इथे आणि झांबियात येऊन पोचले. वर्षातून दोनदा घ्यायचं, लागण होऊ न देणारं हे इंजेक्शन. पण ते कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला लागण कुठे, कुणाला होते आहे ते माहीत हवं, आणि ते मोजणारी माणसं तर घरी बसलेली.

गोगोला दिलेला शब्द मात्र राहिला होता. मी प्रयोगशाळेत, खात्यात, जुन्या सर्वेक्षणांवर काम केलेल्यांकडे विचारत गेले. तिच्या एकटीच्या नमुन्याचा माग मला काढता येत नाही, तो गोपनीयच असायला हवा. पण अशा नमुन्यांचं काय झालं ते सांगता येतं. ते सहकारी मुलीने सिस्वातीत लिहून काढलं, एका पानात, मोठ्या अक्षरांत. की तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या रक्तावरून कळलं, नवी लागण कुठे जास्त होते. की पूर्वी रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी एका आकड्याखाली गेल्याशिवाय औषध मिळत नव्हतं. की २०१४ पासून ह्होह्हो भागातल्या १४ दवाखान्यांत सगळ्यांना लगेच औषध देऊन पाहिलं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरपासून देशभर तसंच सुरू झालं. की बायकांमध्ये लागण अजून सुमारे ३० टक्के आहे आणि पुरुषांमध्ये १९ च्या आसपास, पण तपासणीला पुरुषच कमी येतात.

ते पान घेऊन आम्ही पुन्हा गेलो. गोगो मक्याची कणसं सोलत होती. सहकारी मुलीने वाचून दाखवलं. गोगोने मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "हे सगळं खात्याला कधीपासून माहीत आहे?"

"काही गोष्टी बारा-तेरा वर्षांपासून," मी म्हणाले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कुंपणापलीकडच्या घरातल्या सुनेला हाक मारली, चटईवर जागा केली, आणि माझ्या सहकारी मुलीला म्हणाली, "पुन्हा वाच. पहिल्यापासून."