फाटकं

केपमध्ये घरांपेक्षा फाटकं जास्त. समुद्राकडून टेकडीवर चढणाऱ्या रस्त्याला लागलं की एकामागून एक येतात. दोन भक्कम खांब, लोखंडी जाळी, आत चार पायऱ्या. पायऱ्यांच्या पुढे थेट रान. एका फाटकाची कडी काढून मी आत गेलो आणि मागे वळून ती नीट लावून घेतली. कोणाची गुरं आत शिरणार होती, देव जाणे.

कंबोडियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव १९०८ मध्ये फ्रेंचांनी हवा खायला वसवलं. १९५३ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि राजधानी नॉम पेन्हच्या बड्या मंडळींनी इथे बंगले बांधले. सपाट छपरं, लांब सज्जे, तेव्हाची अगदी नवी फॅशन. १९७५ मध्ये ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचे कम्युनिस्ट, सत्तेवर आले नि गाव ओस पडलं. ते गेल्यावर पोटात भूक होती, म्हणून लोकांनी दारं-खिडक्या उचकटून विकल्या, तांदूळ आणला. त्यांना नावं कशी ठेवायची?

आता काही बंगले दुरुस्त होऊन त्यांची हॉटेलं झालीत. सुंदर आहेत, आणि आत शिरताना चपलेकडे लक्ष जावं इतकी महागही. पण गावात जीव आहे तो खेकड्यांच्या बाजारात. बायका कमरेइतक्या पाण्यात उतरतात, बांधून ठेवलेली टोपली ओढून आणतात आणि निळसर नांग्यांचे खेकडे तुमच्यासमोर ओततात. हलका निघाला तर स्वतःच परत टाकतात. किलोवर घ्यायचे, शेजारीच शिजवून घ्यायचे. आमच्याकडे कुर्ल्या म्हटल्या की खोबऱ्याचं वाटण आलंच; इथे शेजारच्या कांपोत प्रांतातल्या ओल्या मिरीचे हिरवे घोस, देठासकट. ख्मेर रूजच्या काळात या मिरीचे मळेही गेले होते. हळूहळू वेल परत चढले आणि २०१० मध्ये मिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. रविवारी नॉम पेन्हहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, चटया पसरतात आणि दुपारपर्यंत नांग्या फोडत बसतात. मीही बसलो. बशीतला रस बोटाने पुसून खाल्ला.

संध्याकाळी पुन्हा टेकडीवर गेलो. सवयीने एका फाटकाच्या कडीला हात घातला, तर बोटं हिरवीगार. रंग ओला होता. आत कोणीतरी सिमेंट कालवत होतं.

गेस्टहाउसवाल्याने हसत रॉकेलचा बोळा दिला. रंग निघाला. खेकड्याचा वास दोन दिवस राहिला.