वीसच्या घोड्यांना चौदाची पोरं का केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मला आता पाठ झालाय. प्रयोग संपला की कुणीतरी आत येतं, "छान बसवलं हो" म्हणतं, आणि दुसऱ्याच वाक्याला, "पण ताई, नाटक चौदा वर्षांच्या मुलांचं आणि कामं करणारे हे एवढाले दाढीवाले घोडे, शाळेतली मुलं मिळाली नाहीत का?" नागपुरात गोकुळपेठ मार्केटमध्ये वांगी निवडताना विचारलंय, भिशीत विचारलंय, एकदा तर दातांच्या डॉक्टरनं विचारलं आणि तेव्हा माझं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्याला उत्तर मिळालं नाही, ते इथंच वाचेल बिचारा.

नाटक कोणतं ते आधी. फ्रांक वेडेकिंड नावाच्या जर्मन लेखकाचं 'स्प्रिंग अवेकनिंग'. १८९१ साली छापलं, स्टेजवर यायला १९०६ उजाडलं, म्हणजे पंधरा वर्षं, आणि तेव्हाही सेन्सॉरची कात्री लागूनच. त्यावरचं ब्रॉडवेचं म्युझिकल पोरांनी यूट्यूबवर पाहिलेलं होतं आणि त्यांना तेच करायचं होतं, पण त्याचे हक्क घ्यायचे म्हणजे आमच्या अख्ख्या वर्षाच्या बजेटमध्ये त्यांचं पहिलं ईमेलसुद्धा बसलं नसतं. मूळ नाटकाचा लेखक १९१८ लाच गेलाय, त्याला काही द्यावं लागत नाही. तर आम्ही मूळ नाटकच घेतलं, विद्यापीठाची नाटकवाली पोरं, बरीचशी काटोल, उमरेड, वर्ध्याकडून आलेली, वय वर्षं एकोणीस ते तेवीस.

गोष्ट थोडक्यात अशी की एका गावातली शाळकरी मुलं, अंगात काहीतरी बदलतंय, कुणी काही सांगत नाही. वेंडला आईला विचारते मूल कसं होतं, आई करकोचा पक्षी मूल आणून देतो ही गोष्ट सांगते, फारच मागं लागली तेव्हा म्हणते की बाईनं नवऱ्यावर मनापासून प्रेम करावं लागतं, बस. पुढे मेल्किओर नावाचा मुलगा तिच्यावर जबरदस्ती करतो, तिला दिवस जातात, तिला ते कळतसुद्धा नाही, आणि गुपचूप दिलेल्या औषधांत ती जाते. थडग्यावर कारण लिहिलंय रक्तक्षय. मोरित्झ परीक्षेत नापास होतो आणि जीव देतो. लेखकानं नावाखाली लिहून ठेवलंय, बालकांची शोकांतिका.

आता सांगा, यात तुमची आठवीतली मुलगी पाठवाल? त्या जबरदस्तीच्या प्रवेशाच्या तालमीला, रोज संध्याकाळी, दोन महिने? मी हे विचारलं की समोरचे गप्प होतात आणि तिथं विषय संपायला पाहिजे खरं तर. आणि बर्लिनला १९०६ ला पहिल्यांदा झालं तेव्हा मोरित्झ केला होता अलेक्झांडर मोइसीनं, तो सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे माझी पोरं त्या मानानं कोवळीच.

पण हे झालं सभ्य उत्तर. खरं उत्तर असं की चौदा वर्षांच्या मुलाला चौदाचं काम येत नाही. त्याला मोठ्याचं काम येतं, आजोबांचं झकास येतं, कंबर वाकवून खोकून दाखवेल. चौदाचं नाही येत, कारण दिवसभर तो ते लपवण्यातच गुंतलेला असतो, तुम्ही त्याला म्हणालात ते बाहेर काढ तर तो बाहेर काय काढणार?

वीसवाल्याला ते दिसतं. सहाच वर्षं झालेली असतात, लाज अजून ओली असते पण हात लावता येतो. माझ्या वयाच्या माणसाला विचारा, तो सरळ नॉस्टॅल्जियात जातो, आमच्या वेळी पतंग, आमच्या वेळी बोरं. खोटं. आमच्या वेळीही पोटात गोळाच यायचा.

अर्थात वीसवाल्यांची पण खोड असते. पहिल्या आठवड्यात सगळे बोबडे झाले. उड्या मारून राहिले, डोळे मोठे करून राहिले, एक जण तर अंगठा चोखायच्या बेतात होता. मी म्हटलं अरे चौदाचा मुलगा चारचा नसतो, त्याला विसाचं व्हायचं असतं! मराठी स्टेजवर मोठ्या माणसांनी लहान पोरं करायची म्हणजे दोन वेण्या, लाल रिबिनी आणि तोतरेपणा, हा रोग आहे, आणि टाळ्या मिळतात म्हणून तो बरा होत नाही.

मग आम्ही काय केलं, तर शाळा बघायच्या ठरवल्या. आता विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, तोवर थांबलो. मग एका शाळेसमोर सुटायच्या वेळी आमची पाच पोरं वही घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी वॉचमननं हाकललं, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बाबांनी स्कूटर थांबवून "काहून उभे राहून राहिले बे रोज इथं?" असं विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मग टपरीवरून, रस्त्यापलीकडून, चहा पीत बघायचं आणि लिहायचं नाही, असं ठरलं.

बघून आले ते मात्र सोनं होतं. हातांचं काय करायचं हे त्या मुलांना कळत नाही, म्हणून सतत दुसऱ्याच्या मानेवर टपली किंवा बॅगचा पट्टा. पाय आधी वाढतात, बाकीचं मागून येतं, म्हणून स्वतःच्याच बुटाला अडखळतात. आवाज फुटलेला मुलगा वाक्य लवकर संपवतो, आवाज दगा देण्याआधी. आणि वर्गातल्या मुली मुलांपेक्षा उंच, साधारण दोन वर्षं आधी त्यांचं सुरू होतं ना, तर त्या खांदे पुढं पाडून चालतात, उंची आणि छाती दोन्ही एकदम लपवायला.

वेंडला करणारी मुलगी आली आणि म्हणाली, "ताई, त्या वह्या छातीशी धरतात." मी म्हटलं हो, मग? ती काही बोलली नाही. तिनं तेव्हा स्वतःची स्क्रिप्टची फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती. तिचं तिलाच दिसलं आणि ती फाईल पटकन खाली केली, मग खाली केलेल्या हातांचं काय करावं ते कळेना. मी म्हटलं थांब, हलू नको, हेच. नाटकाची सुरुवातच तशी आहे, चौदावा वाढदिवस, आईनं लांब झगा शिवलाय आणि पोरगी म्हणतेय मला आधीचाच आखूड बरा होता. पहिलं भांडण कापडाच्या लांबीवरून. यासाठी जर्मनीला जायची गरज नाही, आपल्याकडं ओढणीचं वय कुणी तारखेनं सांगत नाही पण एक दिवस ती गळ्यात येतेच.

करकोच्याचा प्रवेश मात्र अडकला. पोरांना करकोचा म्हणजे काय ते लागेचना, तो बगळा की काय, तो मूल चोचीत का आणतो. मी म्हटलं तुम्हाला घरी काय सांगितलं होतं ते सांगा. एकाला दवाखान्यातून आणलं होतं, एकीला देवबाप्पानं दिलं होतं, तिघांना बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलं होतं (त्यातला एक म्हणे सहावीपर्यंत बोहारीण आली की पलंगाखाली लपायचा, परत नेईल म्हणून). हसून हसून पुरेवाट. मग आईचं काम करणारी मुलगी, तीच शांत बसलेली, म्हणाली की मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आजी म्हणाली कावळा शिवला. मी गच्चीवर जाऊन बसले होते, कुठला कावळा ते बघायला. मला वाटलं झोपेत शिवला असेल.

कुणी हसलं नाही. मुलं तर खालीच बघत होती.

मग तो प्रवेश आम्ही पुन्हा बसवला. शब्दांत करकोचाच ठेवला, बदलला नाही, पण आई बोलताना तिची नजर वर, गच्चीच्या दिशेनं जायची. त्या आईला आम्ही आधी खलनायिका करून ठेवलं होतं. तिला स्वतःलाच कुणी कधी सांगितलेलं नाही, तिच्याकडं शब्दच नाहीत, हे त्या दिवशी कळलं, आणि हे मी सांगून झालं नसतं.

मास्तरांच्या मीटिंगची गंमत वेगळी. मोरित्झ गेल्यावर शाळेत सगळे शिक्षक जमतात, आणि भांडण कशावरून, तर खोलीतली खिडकी उघडायची की नाही. एक पोरगं गेलंय आणि हे खिडकीवर ठराव करतायत. पोरं म्हणाली, "ताई, हे खिडकीसाठी काहून भांडून राहिले?" मेचा महिना, चार वाजता बाहेर पंचेचाळीस, आमच्या तालमीच्या हॉलला एक कूलर. इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं की खिडकी उघडा, हवा कोंडली तर कूलरनं दमटच होतं, दुसरा म्हणाला येडा झाला का, झळा येतील, तिसरा म्हणाला आधी पाणी कुणी भरलं नाही ते सांगा, आणि दहा मिनिटं तालीम बंद. मी काही बोलले नाही, नुसती बघत बसले. मग म्हटलं, झालं? आता हेच त्या जर्मन मास्तरांचं करा. त्या हेडमास्तरचं नाव झोनेनश्टिश, मराठीत सरळ उष्माघात, हे सांगितल्यावर तर प्रवेश आपोआपच बसला. नागपूरकरांना तो माणूस ओळखीचा वाटला.

मोरित्झचं मरण आम्ही दाखवलं नाही, नाटकातही ते पडद्याआडच आहे. पण शेवटी स्मशानात तो परत येतो, स्वतःचं डोकं काखेत धरून. यासाठी आमच्या कलाकारांनी कागदाच्या लगद्याचं मुंडकं केलं. ते थेट मारबतीतल्या, म्हणजे आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीतल्या, बडग्या पुतळ्याचं झालं. रंगवून आणलं आणि सगळी गँग त्याला खांद्यावर घेऊन "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" करत हॉलभर फिरली, मोरित्झ करणारा सगळ्यात पुढं. मी चिडणार होते पण चिडले नाही. दहावीच्या निकालाच्या दिवसांत हा मुलगा दोन दिवस तालमीला आला नव्हता, विचारलं तर म्हणाला काही नाही, दादाची आठवण. पुढं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तर नाचू दे म्हटलं. मुंडकं मात्र काढलं. त्याऐवजी त्यानं काखेत शाळेची बॅग धरली, मान जराशी त्या बाजूला कलती, एवढंच.

वेडेकिंडनं शेवटी एक बुरखेवाला माणूस आणलाय, मेल्किओरला स्मशानातून जिवंत लोकांत ओढून नेणारा, आणि बर्लिनला ते काम त्यानं स्वतः केलं होतं, बेचाळीसाव्या वर्षी. पोरं म्हणाली, ताई, हे तुम्हीच करा. केलं. अख्ख्या नाटकात मीच एक वयाला शोभणारी.

आणि हो, हा प्रश्न विचारणाऱ्यांत एकच खरी चौदाची भेटली. ऑगस्टमधला पहिला प्रयोग, आई बाहेर स्कूटी काढायला गेली तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. "काकू, यात आमच्याएवढं कोणीच नव्हतं ना?" मी म्हटलं नाही, कळलं का लगेच? म्हणाली, "बाकी ठीक होतं. पण ती वेंडला वह्या हातात धरते. आम्ही नाही धरत आता. बॅगच पुढून घालतो, दोन्ही पट्टे, असं." आणि तिनं घालून दाखवली, मेट्रोत चोरांच्या भीतीनं घालतात तशी, वर हनुवटी टेकवली. "मॅडम विचारतात उलटी का घातली, तर आम्ही सांगतो पाठ दुखते."

दुसऱ्या प्रयोगाला वेंडला बॅग पुढून घालून आली. जर्मनीत १८९१ ला तशी बॅग नव्हती हे एका जाणकारांनी नंतर मला कळवलं.