आरशातला चौथा

परीक्षक "नेक्स्ट" म्हणाले आणि मीच बाणाचं बटण दाबलं. काल आमच्या क्लबच्या फोटो-स्पर्धेत झालं ते एवढंच. लॅपटॉपवर बसायची पाळी माझी, त्यामुळे स्वतःचा फोटो स्वतःच्या हाताने पडद्यावरून घालवायचं पुण्यकर्मही माझ्याच वाट्याला आलं. नावं झाकलेली असतात म्हणून चेहरा कोरा ठेवून बसले होते. क्लबातल्या नानांनी मात्र चष्म्यावरून एकदा बघितलंच.

कमी गुण मिळाले म्हणून नाही. गुण याआधीही कमी मिळालेत, आणि गेल्या वर्षी तर... जाऊ दे ते. लागलंय ते त्या नेक्स्टच्या घाईचं. आधीच्या फोटोवर बोलले, कोपऱ्यातला पांढरा ठिपका क्रॉप करा. त्याच्या आधीच्याचं क्षितिज तिरकं होतं, तेही सांगितलं. माझ्यात चूक काढण्याइतकंसुद्धा थांबावंसं वाटलं नाही.

फोटो सासवडचा, माउलींची पालखी मुक्कामाला असतानाचा. सलूनमध्ये वारकऱ्यांची फुकट दाढी चाललेली. बाकावर तिघं ओळीने बसलेत, टोप्या मांडीवर, चेहऱ्यावर दिवसभर चालल्याचा थकवा. आणि आरशात चौथा. कारागिराची पाठ मध्ये आल्यामुळे तो थेट दिसत नाही, आरशातच दिसतो. गालभर फेस, आणि हसू दाबतोय. का हसतोय कोण जाणे. त्या तिघांवरून नजर आरशात गेली की फोटो उलगडतो. पण जावी लागते. मलासुद्धा तो घरी आल्यावर, मोठ्या स्क्रीनवर सापडला होता.

पहिलं बक्षीस जेजुरीला. सोमवतीचा भंडारा, सगळी चौकट पिवळीधमक आणि तिच्यात एका पोराचे दोन काळे डोळे. बास. म्हणायला गेलं तर असे फोटो दरवर्षी येतात, तसे दिवे घाटातले वरून घेतलेले येतात, भिगवणचे फ्लेमिंगो येतात. पण हा चांगला होता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी काल शांत झोपले असते. एकच रंग, त्या रंगाला छेद देणारी एकच जागा, आणि चारही कडा स्वच्छ. नजरेला पळायला वाटच ठेवलेली नाही. परीक्षक त्यावर चांगले मिनिटभर बोलले. मिनिटभर!

रात्री जेवताना धाकटीसमोर रडगाणं लावलं. माणसाने एवढा जीव ओतायचा आणि बघणाऱ्याने तीन सेकंदही देऊ नयेत वगैरे. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, तू एकेक रील किती वेळ बघतेस गं?"

कार्टी.

पण मग तीन सेकंद धरून फोटो परत उघडला. नजर आधी उजेडाकडे जाते, अक्षरांकडे जाते, मग माणसांकडे. माझ्यात ट्यूबलाइट आहे आणि तिच्या खाली दरपत्रक, कटिंग, दाढी, मसाज. परीक्षकांनी बहुधा दरपत्रक वाचलं आणि वेळ संपली. आता ते झाकून टाकावं, अंधारात ढकलावं, तर ते सलून तरी राहील का? ते दर तिथे लिहिलेले असताना आज कुणी पैसे घेत नाहीये, ही गंमत त्यातच तर आहे. मी ते काढणार नाही. गुण गेले खड्ड्यात.

नाना म्हणतात पूर्वी प्रिंट असायचे, परीक्षक हातात घेऊन खिडकीपाशी जायचे. असेल. आता फियाप या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाच्या मान्यतेच्या मोठ्या सलोनना, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांना, हजारांनी फोटो येतात. तीन परीक्षक, हातात गुणांची बटणं. तिथे नेक्स्ट म्हणण्याइतकाही मान मिळत नाही.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा तो पॅरिसचा फोटो उघडून बसले होते मघाशी. सेंट लाझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. टाच आता पाण्याला टेकणार. तेवढ्यानेच आपण थांबतो. आणि थांबल्यावर, बऱ्याच वेळाने, मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमधली नर्तकी दिसते, ती पण तशीच उडीत. पोस्टर हा त्याचा आरसाच. फरक एवढाच की त्याच्याकडे दाराशी उभं राहून "या, बसा" म्हणणारी टाच आहे. माझ्याकडे दाराशी दरपत्रक. (तोही फोटो क्रॉप केलेला आहे म्हणे, आणि हा माणूस क्रॉप करायच्या विरुद्ध! आमच्या परीक्षकांना बरं वाटेल.)

म्हणजे माझ्या तिघांपैकी एकाने तरी काहीतरी करायला हवं होतं. जांभई द्यायची, मान वळवायची. पण ते थकले होते, बिचारे बसले होते. त्यांना काय सांगणार, क्लबची स्पर्धा आहे म्हणून?

आत्ता ग्रुपवर पुढच्या महिन्याचा विषय आला. "प्रतिबिंब".

आणि एकदा दिलेला फोटो वर्षभर परत देता येत नाही. हा नियम मागच्या सभेत नानांनीच आणला आणि हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते. त्याच दुकानातल्या अजून पाच-सहा फ्रेम असतील, पण त्यांत तो हसत नाहीये. एकीत नुसताच फेस. उद्या नानांना फोन करून बघते, कृष्णधवल केला तर तो दुसरा फोटो धरतात का.