लोड टाकून ट्रायल द्या, एवढंच म्हणत होतो

नोव्हेंबरात नवी पिकअप घेतली. कर्ज, विमा, पासिंग सगळं दहा दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते त्याआधीच्या चोवीस दिवसांचं. ते मी एका शोरूमकडे एकच गोष्ट मागण्यात घालवले: गाडीत माल भरून मला चालवून बघू द्या.

आमची शेती नाशिकजवळ, गिरणारे बाजूला. पहाटे पंचवटीतली बाजार समिती, मग कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगरची हॉटेलं आणि दुकानं, आणि आठवड्यातून दोनदा वाशी. जुनी पिकअप अकरा वर्षांची झाली होती. ती काढायची ठरलं तेव्हा पुतण्याने हायब्रिडचं खूळ डोक्यात घातलं, म्हणजे इंजिनला विजेच्या मोटरची जोड, आणि ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत. तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. "नाना, अमेरिकेत पिकअप हायब्रिड झाल्या, तुम्ही अजून डिझेल मोजताय."

त्याचं खोटं नव्हतं. फोर्डने एफ-१५० ही पिकअप २०२१ च्या मॉडेलपासून हायब्रिडमध्ये दिली. साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला ३५ किलोवॅटची मोटर आणि दीड युनिट वीज मावेल एवढी बॅटरी. टोयोटाच्या हायलक्सला युरोपात २०२४ पासून विजेच्या मोटरची ४८ व्होल्टची हलकी जोड मिळते. आपल्याकडे फॉर्च्युनरलाही २०२५ मध्ये तशीच जोड आली. पण कॅरेट भरून बाजार समितीत नेण्याच्या पिकअपमध्ये काय आहे, हे बघायला मी शोरूम गाठलं.

"हायब्रिड पाहिजे ना साहेब? मग हीच." मागच्या फाळक्यावर 'मायक्रो हायब्रिड' असं हिरवं स्टिकर. मी बॉनेट उघडायला लावलं. आत नेहमीचीच बारा व्होल्टची बॅटरी. चाक ढकलणारी मोटर कुठे, विचारलं तर सेल्समन ब्रोशर चाळायला लागला. शेवटी कळलं ते एवढंच, की सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं. मायक्रो म्हणतात ते हे. सिग्नलला किल्ली फिरवायचं काम आपला ड्रायव्हर फुकटात करतो.

तरी म्हटलं, बघू. ट्रायल दिली, मुंबई नाक्यावरून पाथर्डी फाट्यापर्यंत. गाडी सुसाट. पण रिकामी गाडी कुठलाही बैल पळवतो. मी म्हटलं, टनभर माल टाकून द्या. तिथून सगळं अडलं.

पहिल्या दिवशी "मॅनेजरना विचारतो." तिसऱ्या दिवशी "डेमो गाडीला लोडचा विमा नसतो साहेब." सहाव्या दिवशी डेमो गाडी मालेगावला गेलेली. नवव्या दिवशी मॅनेजर लग्नाला. बाराव्या दिवशी मी समोर जाऊन बसलो, तर चहा आला आणि चहाबरोबर नवीन अट: अकरा हजार भरून बुकिंग करा, मग लोड ट्रायल लगेच. अहो, रस्त्यावर कलिंगड विकणारासुद्धा आधी कापून दाखवतो, मग पैसे मागतो. मी दहा लाखांची गाडी घेतोय. चिडून उठलो. बाहेर येऊन दुसऱ्या शोरूमला जायचं सोडून मी त्या सेल्समनलाच परत फोन केला, ही माझी चूक. एकदा हट्टाला पेटलो की मला दुसरं दार दिसत नाही, असं घरचे म्हणतात.

सोळाव्या दिवशी त्याचा फोन. "साहेब, परवानगी मिळाली. शनिवारी दहाला तुमचाच माल घेऊन या, इथे गाडी बदलू." पहाटे पन्नास कॅरेट टोमॅटो भरले. वीस किलोचं एक, म्हणजे बरोबर टन. बायको म्हणाली, आधी लिलाव करा, मग जा. मी म्हटलं, लिलाव झाल्यावर लोड कुठून आणू? दहाला गेटवर. वॉचमन म्हणाला, मालाची गाडी आत घ्यायला बंदी आहे. सेल्समनचा फोन बंद. आत निरोप पाठवला. मॅनेजर मीटिंगमध्ये. अकरा वाजले, बारा वाजले. मी गाडी सावलीला लावायला जागा शोधतोय, ताडपत्रीखाली टोमॅटो तापतायत. साडेबाराला एक पोरगा येऊन म्हणाला, "डेमो गाडी सर्व्हिसिंगला आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

सकाळचा लिलाव गेला. दुपारी कॅरेटमागे साठ रुपये कमी आले. तीन हजारांना ती ट्रायल पडली, आणि तीही झाली नाही. परवा त्याच शोरूमचा मेसेज आला, 'आपला अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.'

त्या तीन आठवड्यांत एक काम बरं झालं. चिडचिडीत बसण्यापेक्षा मी वही घातली. जुन्या गाडीची टाकी फुल्ल ते फुल्ल मोजली. शहराच्या फेऱ्यांना लिटरला साडेनऊ, वाशीला तेरा. एका दिवसात गावातल्या थांब्यांची मोजणी केली तर पन्नासच्या वर. पुतण्याने हिशोब मांडला: तीन टनांची भरलेली गाडी चाळीसच्या वेगावरून थांबली की ब्रेकमध्ये जेमतेम ०.०५ युनिट ऊर्जा जाते. खऱ्या हायब्रिडने त्यातली निम्मी परत मिळवली तरी पन्नास थांब्यांचं सव्वा युनिट. लिटरभर डिझेलमधून इंजिन चाकाला तीन-साडेतीन युनिट देतं असं धरलं, तर दिवसाला तीनशे-चारशे मिली वाचलं. दुपारपर्यंत गाडी निम्मी रिकामी होते, म्हणजे त्याहून कमीच. द्वारका चौकात आणि सिग्नलला नुसतं इंजिन चालू ठेवून उभं राहणं मोजलं तर ३८ मिनिटं निघाली. तिथलं डिझेल किल्ली फिरवूनही वाचतं.

वाशीच्या फेरीचं गणित आणखी मजेशीर. आमचा माल भरलेला असतो तेव्हा घाट उतरायचा असतो आणि रिकाम्या कॅरेटनी चढायचा. इगतपुरी ते कसारा उतार जवळपास ३०० मीटरचा. तीन टन वजन तेवढं खाली आलं की अडीच युनिटच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. हायब्रिडला याहून चांगला रस्ता नाही असं वाटतं ना? पण त्या ४८ व्होल्टच्या हायलक्सच्या बॅटरीत मावतं ०.२ युनिट. पहिल्या दोन-चार वळणांतच ती भरणार, पुढचा घाट इंजिन आणि ब्रेकवरच. मोठी बॅटरी टाका म्हटलं तर तिचं वजन मालाच्या वजनातून कापलं जातं, कारण गाडीचं एकूण वजन कागदावर ठरलेलं असतं. शंभर किलोची बॅटरी म्हणजे दर फेरीला पाच कॅरेट घरी ठेवायचे. कारवाल्याला हे कळत नाही, त्याच्या डिकीत भाडं नसतं. शिवाय जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मी कसारा घाटात जातच नाही, आणि एका वेगात सरळ पळणाऱ्या गाडीत हायब्रिडला करण्यासारखं काही उरत नाही.

एका गोष्टीचा मात्र हेवा वाटला. त्या फोर्डमधून ७.२ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाने वीज गेली तेव्हा लोकांनी त्यावर घरं चालवली. आमची विहिरीची मोटर थ्री फेज, ती काही त्यावर चालणार नाही. पण रात्रीच्या तोडणीला दिवे, शेडमधले पंखे, फवारणीचं यंत्र? मायलेज राहू द्या, एवढ्यासाठी मी हायब्रिडला लाखभर जास्त मोजले असते. इथे तसं काही कोणी विचारायलाही तयार नाही.

ट्रायल शेवटी झाली ती बाजार समितीच्या चहाच्या टपरीमुळे. दिंडोरीचा एक ड्रायव्हर तीच गाडी चालवतो, तेच हिरवं स्टिकर. मी माझी कहाणी सांगितली तर तो हसला. "भाऊ, उद्या किराणा घेऊन गडावर चाललोय, बसा." नांदुरीहून सप्तशृंगीचा तो घाट त्याने मला स्वतः चालवू दिला, मागे टनभर गोण्या. दुसऱ्या गिअरला गाडी न कुरकुरता चढली, उतरताना इंजिनने नीट धरली. चोवीस दिवस जे मागत होतो ते चाळीस मिनिटांत मिळालं. खाली आल्यावर विचारलं, ते इंजिन आपोआप बंद होतं ते कुठे? त्याने डॅशवरचं एक बटण दाखवलं. ते दाबून वर चिकटपट्टी लावलेली. "पहिल्याच आठवड्यात बंद केलं. द्वारकेला मागचा हॉर्न देतो, घाईत क्लच नीट दबत नाही, इंजिन पडतं. कोण ऐकून घेईल शिव्या?"

गाडी मी तीच घेतली, पण दुसऱ्या तालुक्यातल्या शोरूममधून, आणि स्टिकर नसलेली, साधी डिझेल. पुतण्या आठ दिवस बोलला नाही. सगळा दिवस गावातच फिरणारा, दूधवाला किंवा पाण्याचे जार टाकणारा असेल, त्याच्यासाठी खरी मोटर असलेलं हायब्रिड आलं तर मी नक्की घ्या म्हणेन.

टाकी मोजायची तर एकाच पंपावर, एकाच नोझलवर आणि पहिल्या कटऑफला, म्हणजे नोझल आपोआप बंद होतं तिथेच थांबा. राउंड फिगर करायला पोरगा आणखी टाकतो, त्याने सगळी वही खोटी ठरते. आणि लोड ट्रायलला टोमॅटो नेऊ नका. वीस लिटरचे पाण्याचे पन्नास जार भाड्याने मिळतात, बरोबर एक टन भरतं, आणि गेटवर दुपारपर्यंत उभं राहावं लागलं तरी पाणी नासत नाही.